आगरातलं मीठ आणि उंदराचं काळीज

बाबांना गेल्या पावसाळ्यात चार दिवस गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, ठेवलं होतं. आजार साधा, जुलाब-उलट्या. पण वय ८४, मूत्रपिंडांची आधीपासूनच रड, म्हणून पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून बांबोळी अशी आमची वरात निघाली. पहिल्या रात्री सिस्टरनं सलाईन लावलं. बाबा डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळानं एक डोळा उघडून बाटलीकडे बघत म्हणाले, "कितें आसा गो तातूंत?"

"मीठ आनी उदक," मी म्हटलं.

एवढ्या अशक्तपणातही बाबा हसले. आमचं घर आगरवाड्याचं. शापोरा नदीच्या खाऱ्या पाण्यावर बाबांनी पन्नास वर्षं मीठ पिकवलं. पावसाळा संपला की बांध दुरुस्त करायचे, पाणी आत घ्यायचं, चिखल तुडवून तुडवून जमीन घट्ट करायची, मग जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत राहायचं. वळवाचा एक पाऊस लवकर आला की केलेलं सगळं पाण्यात, अगदी शब्दशः. ते म्हणाले, "आमच्या मिठाला चार पैसे जास्त द्यायचे म्हटलं की लोकांच्या जिवावर यायचं. आणि इथे बघ, सुई टोचून घालतात."

(बाबा हे सगळं कोकणीत बोलले. आमच्या घरी बोलणं कोकणीत, शाळा आणि भजन मराठीत, आणि हिशेबाची वही बाबांच्या स्वतःच्या भाषेत, जी त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही.)

मी त्यांना बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं. रिंगर्स लॅक्टेट. हॉस्पिटलात सगळे 'आर.एल.' म्हणतात. ह्या रिंगरशी माझा ३३ वर्षांचा संबंध. सासरच्या काही नातेवाइकांशी माझं तितकं बोलणं झालेलं नाही.

मी एका कॉलेजच्या फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या, लॅबमध्ये टेक्निशियन होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातली काही माणसं अजून तिथे आहेत आणि मला ह्या वयात भांडण नको. १९९१ साली बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या जोरावर लागले, २०२४ ला सुटले. सासरी माझी ओळख 'उंदरांकडे कामाला जाते ती' अशी होती. ती काही खोटी नव्हती, पण अर्धीच होती. मी मुख्यतः मिठाकडे कामाला जात होते.

लागले तेव्हा बेडकांचा जमाना होता. विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलला बेडकाचं हृदय आणि कायमोग्राफचा ड्रम. कार्ल लुडविग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८४७ मध्ये काढलेलं हे यंत्र, आणि आम्ही त्याचाच अवतार दीडशे वर्षांनी वापरत होतो. ड्रमला गुळगुळीत पांढरा कागद गुंडाळायचा, रॉकेलच्या भडक्या ज्योतीवर तो फिरवत फिरवत काजळी धरायची. काजळी जाड झाली की सुई अडते, पातळ झाली की रेघ दिसत नाही. कागद मखमलीसारखा काळा झाला की बास. बेडकाच्या हृदयाच्या टोकाला बारीक आकडी, आकडीला दोरा, दोऱ्याला लीव्हर, लीव्हरच्या टोकाची सुई काजळीवर. ठोका पडला की पांढरी रेघ वर, सुटला की खाली. मग तो कागद अलगद काढून व्हार्निशमधून बुडवून काढायचा आणि कपडे वाळत घालावेत तसा दोरीला चिमट्यानं लावायचा. पहिल्या वर्षी माझी एकही साडी काजळीच्या बोटांवाचून राहिली नाही.

माझा भाऊ चवथीला घुमट, म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य, वाजवतो. एकदा त्याला असाच एक टाकाऊ कागद दाखवला. त्यात विद्यार्थ्यानं मध्येच विजेचा हलका झटका दिला होता. झटक्यानं हृदय वेळेआधी एक ठोका जास्तीचा मारतं आणि मग नेहमीपेक्षा जास्त थांबतं. आम्ही विद्यार्थ्यांना ह्याचं कारण फळ्यावर आकृती काढून पाऊण तास सांगायचो. भावानं कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ह्यानं मध्येच एक थाप जास्त मारली आणि मग समेची वाट बघत बसला." झालं. इतकंच आहे ते. हृदयाच्या वरच्या भागातून येणारा नेहमीचा इशारा आपल्या वेळेलाच येतो, जास्तीच्या ठोक्यानंतर दमलेलं हृदय तो एक इशारा घेऊ शकत नाही, म्हणून पुढच्यापर्यंत थांबतं. सम चुकत नाही.

नंतर विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलमधून बेडूक गेले आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले. मला त्याचं दुःख नाही. पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन शेतातून बेडूक धरणारे आणि हॉटेलात 'जंपिंग चिकन' म्हणून विकणारे मी पाहिले आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद असूनही अजून ऐकू येतं. आमच्या लॅबनं तरी त्यात भर घालणं थांबवलं.

संशोधनासाठी मात्र उंदीर राहिले, म्हणजे मोठे पांढरे उंदीर, एथिक्स कमिटीच्या परवानगीनं आणि मोजून मापून. आणि राहिलं लँगेनडॉर्फ. हे माझं खरं काम.

ऑस्कर लँगेनडॉर्फ जर्मनीत रोस्टॉक विद्यापीठात होता. १८९५ मध्ये त्यानं दाखवलं की सस्तन प्राण्याचं हृदय शरीराबाहेर काढूनही तासन्‌तास चालवता येतं. युक्ती अशी की महाधमनीत नळी बांधायची आणि द्रव उलट दिशेनं, म्हणजे हृदयाकडे सोडायचा. दाबानं महाधमनीची झडप मिटते, द्रवाला हृदयाच्या पोकळीत शिरायला वाट राहत नाही, मग तो झडपेच्या लगेच वर फुटणाऱ्या हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून शिरतो. हृदय आपलं आपल्यालाच पोसू लागतं.

ऐकायला सोपं. करायला बसलं की हाताला घाम. उंदराचं हृदय साधारण एक ग्रॅमचं, आवळ्याच्या बीपेक्षा थोडंसंच मोठं. ते गार द्रवात टाकलेलं असतं. महाधमनीचं तोंड म्हणजे ओल्या शेवयीचं टोक. दोन बारीक चिमट्यांनी ते उचलायचं, काचेच्या नळीवर चढवायचं, पण फार वर नाही, फार चढलं तर नळी झडपेतून आत जाते आणि सगळं फुकट. एका हातानं धरून दुसऱ्यानं रेशमी दोरा बांधायचा. नळीत हवेचा एक जरी बुडबुडा असला तर तो धमनीत अडकतो. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. आणि मग तोटी उघडायची.

तोटी उघडल्यानंतरचे ते चार-पाच सेकंद मी ३३ वर्षांत हजारदा पाहिले असतील. आधी हृदय गुलाबीचं फिकट होतं, त्यातलं उरलंसुरलं रक्त धुऊन जातं. एक कोपरा थरथरतो. मग एक ठोका, अर्धवट. मग दुसरा. आणि मग एकदम, कोणी आतून दार उघडून दिल्यासारखं, मिनिटाला अडीचशे-तीनशे. मराठीत 'काळीज' म्हणजे कवितेतलं, आम्ही कोकणीत रोजचं हृदयही काळीजच म्हणतो. एकदा तोटी उघडल्यावर माझ्या तोंडून "काळीज चललें" असं निघालं आणि पुण्याहून आलेला एक विद्यार्थी बावरून गेला.

अशा हृदयाचं करतात काय? तर हार्ट अटॅक आणतात. तोटी बंद करायची, अर्धा तास हृदय उपाशी ठेवायचं, मग पुन्हा चालू करायची आणि बघायचं किती भाग वाचला. शेवटी हृदय सुरणासारखं चकत्या करून टीटीसी नावाच्या रंगात ठेवतात. जिवंत भाग विटेसारखा लाल होतो, मेलेला फिकट राहतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमधल्या मरी, जेनिंग्ज आणि राइमर ह्या तिघांनी १९८६ मध्ये कुत्र्यांवर एक वेगळाच प्रयोग छापला. आधी पाच-पाच मिनिटांची चार छोटी बंदी, मध्ये मध्ये रक्त सोडायचं, आणि मग ४० मिनिटांची मोठी बंदी. वाटेल की आधीच चार वेळा गांजलेलं हृदय जास्त मरेल. उलट झालं. मेलेला भाग एरवीच्या चौथाईवर आला. हे मला सरांनी सांगितलं तेव्हा मला आमच्या आगरातल्या बायका आठवल्या. मार्चच्या उन्हात हळूहळू सवय झालेल्या मेमध्ये टिकतात, मुंबईहून सुट्टीला आलेली आत्या पहिल्याच दिवशी आडवी. मी हे सरांना बोलून दाखवलं नाही. सर हसले असते.

आता मीठ. लँगेनडॉर्फमध्ये हृदयाला रक्त नसतं, त्याच्याऐवजी जो द्रव असतो तो बनवायचं काम माझं. क्रेब्स-हेन्सलाइट. लिटरला मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, ६.९ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइड ०.३५. मॅग्नेशियम सल्फेट ०.२९. पोटॅशियम फॉस्फेट ०.१६. खायचा सोडा, हो तोच, २.१. ग्लुकोज २. आणि कॅल्शियम क्लोराइड ०.३७. कॅल्शियम नेहमी सगळ्यात शेवटी, आणि द्रवातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण बुडबुडवून झाल्यावरच. घाई केली तर सगळा द्रव दूध नासल्यासारखा पांढरट होतो आणि ओतून द्यावा लागतो. हे आकडे मला अजून झोपेत विचारले तरी येतात. नवऱ्याचा मोबाईल नंबर येत नाही.

हॉस्पिटलातल्या त्या रात्री बाबांना झोप येत नव्हती. कॉटखाली माझी चटई. खिडकीबाहेर बांबोळीचा पाऊस. मी त्यांना रिंगरची गोष्ट सांगितली.

सिडनी रिंगर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात डॉक्टर होता. रोगी तपासून उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बेडकांच्या हृदयांवर काम करायचा. कोणतं मीठ किती घातलं की काढलेलं हृदय चालत राहतं, हे त्याला शोधायचं होतं. १८८२ मध्ये त्यानं लिहिलं की साध्या मिठाच्या पाण्यात हृदय चांगलं चालतं. पुढच्या वर्षी, १८८३ मध्ये, त्यानंच दुसरा लेख लिहून सांगितलं की माझं चुकलं होतं. द्रव शुद्ध केलेल्या पाण्यात बनवलाच नव्हता. लंडनला न्यू रिव्हर कंपनीचं नळाचं पाणी यायचं, ते वापरलं गेलं होतं. खऱ्या शुद्ध पाण्यात मीठ घालून पाहिलं तर हृदय थोड्या वेळात ढेपाळायचं. नळाच्या पाण्यात जे चुन्याचं क्षार होतं, म्हणजे कॅल्शियम, ते घातलं की पुन्हा उभं राहायचं. हृदयाला ठोका मारायला कॅल्शियम लागतं हे जगाला अशा रीतीनं कळलं. नळाखाली भरलेल्या एका भांड्यामुळे. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हार्टमन नावाच्या बालरोगतज्ज्ञानं त्याच द्रवात लॅक्टेट घातलं, आणि तीच ही बाटली.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या विहिरीचं पाणी असतं तर?"

मला उत्तर सुचलं नाही. जांभ्या दगडातलं आमचं विहिरीचं पाणी मऊ असतं, साबणाला भरपूर फेस. आगरवाड्याच्या विहिरीवर रिंगर बसला असता तर कदाचित शोध लागलाच नसता.

पुढची गोष्ट मी बाबांना सांगितली नाही, कारण त्यात मी आहे.

२००६ चा जुलै. एक एम.फार्म.चा मुलगा कुठल्याशा पाल्याचा अर्क उंदराच्या हृदयावर बघत होता. अर्क न देता चालवलेली हृदयं, म्हणजे कंट्रोल, त्यानं फेब्रुवारी-मार्चमध्ये करून ठेवली होती. अर्काचे प्रयोग जुलैत. निकाल झकास येत होते. अर्क दिलेल्या हृदयाचा जोर कमी. प्रत्येक वेळी कमी. गाईड खूश. ब्लडप्रेशरच्या औषधाची स्वप्नं पडायला लागली होती. मुलगा तर पेढे आणायच्या बेतात.

मला एक गोष्ट खटकत होती. मी तोटी उघडणारी. अर्क तर वीस मिनिटांनी जायचा. पण हृदय सुरुवातीपासूनच मंद होतं. ते दार उघडल्यासारखं होणं, ते होत नव्हतं. चालायचं, पण उपास धरल्यासारखं. मी फेब्रुवारीचे आलेख आणि जुलैचे आलेख काढून शेजारी शेजारी ठेवले. अर्क देण्याच्या आधीची रेघच बुटकी होती.

मी हे गाईडना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगते. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर इन्स्पेक्शनची कागदपत्रं होती. ते मान वर न करता म्हणाले, "तुम्ही वजन करा, निष्कर्ष आम्ही काढतो."

मी वजन करायला गेले.

म्हणजे खरोखरच गेले. चार दशांशाच्या काट्यावर घड्याळकाच, म्हणजे काचेची छोटी बशी, ठेवली, त्यात कॅल्शियम क्लोराइड ०.३७ घेतलं, दार लावलं आणि सवयीनं आकडा लिहायला वही ओढली. लिहून वर बघते तर शेवटचा आकडा बदललेला. ०.३७०२. मग ०.३७०५. ०.३७०९. मी हात लावत नव्हते. आकडा आपोआप वर चढत होता, मुंगी भिंतीवर चढावी तसा. बाहेर धो धो पाऊस, लॅबच्या भिंतींना ओल, आणि माझ्यासमोर ते मीठ हवेतून पाणी पीत होतं.

मी मिठाच्या घरातली. पावसाळ्यात मीठ काय करतं हे मला कोणी शिकवायला नको. आगरातलं जाडं मीठ माडाच्या चुडतांखाली शिगेला रचून ठेवतात ते उगाच नाही. त्यातला कडूपणा पाणी होऊन खाली निथळून जातो आणि मग ते मीठ जरा कोरडं राहतं. घरी बरणीत तांदळाची पुरचुंडी टाकायची. जुलैत चमचा मिठात उभा राहतो आणि ऑगस्टमध्ये चमच्याला मीठ वाहायला लागतं. हे सगळं रक्तात असलेल्या बाईनं कॅल्शियम क्लोराइडची बाटली मार्चमध्ये उघडली, झाकण नुसतं फिरवून ठेवलं, आणि डेसिकेटरमधलं, म्हणजे रसायनं कोरडी ठेवायच्या भांड्यातलं, सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं तरी ओव्हनमध्ये घालून परत निळं करायला विसरली.

बाटली उलटी केली. तळाशी ढेकूळ आणि ढेकळाखाली चक्क ओघळ.

त्या रात्री स्वयंपाक नवऱ्यानं केला. मी जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. बाटलीवर लिहिलं होतं दोन रेणू पाण्याचं कॅल्शियम क्लोराइड, रेणुभार १४७. हवेतून पाणी घेत घेत ते सहा रेणूंपर्यंत गेलं असेल तर २१९. म्हणजे तेवढ्याच वजनात कॅल्शियम दोन तृतीयांश. हृदयाला लिटरमागे अडीच मिलिमोल (रसायनाचं प्रमाण मोजायचं माप) कॅल्शियम द्यायचं तिथे आम्ही पावणेदोनच्याही खाली देत होतो. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन ईडीटीएचं टायट्रेशन केलं, म्हणजे द्रवात कॅल्शियम खरं किती आहे ते मोजलं, कॉलेजात शिकलेलं तेच. उत्तर आलं १.७. मला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाज वाटली.

सील न फोडलेली नवी बाटली काढली, नवा द्रव केला, तोटी उघडली. दार उघडलं.

ह्या वेळी मी गाईडकडे आलेख घेऊन गेले नाही, ओली बाटली घेऊन गेले. त्यांच्या कागदपत्रांवर एक ओघळ पडला. ते बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले, मग मुलाला बोलावलं. मुलाचे चार महिने गेले. कंट्रोल पुन्हा, अर्क पुन्हा, सगळं एकाच द्रवात. अर्कानं हृदयाचा जोर कमी होतो का? नगण्य. पेढे राहिले. तो मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं. बाटली मी उघडी ठेवली होती.

आठ दिवसांनी लॅबच्या भिंतीवर टाईप केलेली नोटीस लागली. 'कॅल्शियम क्लोराइडची बाटली वापरल्यानंतर घट्ट बंद करावी.' खाली विभागप्रमुखांची सही आणि शिक्का. मुलाच्या प्रबंधात मी मुद्दाम शोधलं. 'प्रत्येक प्रयोगासाठी ताजा द्रव वापरला' एवढं एक वाक्य. ते खरंच होतं. पावसात काय झालं ते कुठेच नाही.

तेव्हापासून मी कॅल्शियम कधी तोलून घातलं नाही. डब्याचं सील फोडलं की त्याच दिवशी सगळ्याचा एक मोलर द्रव करून ठेवायचा आणि लागेल तेव्हा पिपेटनं अडीच मिलिलिटर घालायचा. पाण्यात विरघळलेल्याला आणखी पाणी काय पिणार! बाटलीवर तारीख. जगभर बऱ्याच लॅबमध्ये असंच करतात हे मला नंतर कळलं. प्रत्येकीकडे एकेक जुलै येऊन गेला असणार.

रॉबर्ट फर्चगॉटची गोष्ट मी ह्या प्रकरणानंतर नीट वाचली. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल त्याला, इग्नॅरो आणि मुराद ह्यांच्यासोबत मिळालं, हे तेव्हा पेपरात वाचलं होतं. कसं मिळालं ते नव्हतं वाचलं. फर्चगॉट न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या सरकारी मेडिकल स्कूलमध्ये होता. सशाच्या महाधमनीची पट्टी द्रवात टांगायची आणि औषधानं ती आकसते की सैल पडते ते बघायचं, हे त्याचं कित्येक वर्षांचं काम. १९७८ मध्ये त्याच्या टेक्निशियननं सांगितलेल्या क्रमात चूक केली. एका औषधानं धमनी आकसवायची, मग ते धुऊन टाकायचं, मग दुसरं औषध घालायचं. टेक्निशियननं न धुताच दुसरं घातलं. ह्या दुसऱ्या औषधानं धमनी आकसते असंच फर्चगॉट इतकी वर्षं बघत आला होता. ती सैल पडली.

मी असते तर? ओतून दिलं असतं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं असतं, कोणाला न सांगता. फर्चगॉटनं तो क्रम पुन्हा करवून घेतला. मग त्याच्या लक्षात आलं की पूर्वी पट्ट्या कापताना धमनीचं आतलं अस्तर बोटांना आणि कागदाला घासून निघून जात होतं, आणि ह्या वेळी गोल कडी कापल्यामुळे ते शाबूत राहिलं होतं. एका पेशीच्या जाडीचं ते अस्तर. तेच काहीतरी सोडत होतं ज्यानं धमनी सैल पडते. १९८० मध्ये हे छापलं, आणि पुढे ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू निघाला. आईची छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची ती बारीक गोळी शरीरात हाच वायू सोडते. आई ती तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवायची. त्या डबीचा वास गोळीला लागायचा.

आमच्याकडे अशा कड्या मी शेकड्यांनी कापल्या आहेत. तीन मिलिमीटर रुंद, लहान मुलीच्या बाहुलीच्या बांगडीएवढी. तिच्यातून दोन तारा घालताना आतल्या बाजूला तार घासू द्यायची नाही. श्वास धरून करायचं काम. फर्चगॉटच्या आधी हे असं करायला हवं हे कोणाला माहीतच नव्हतं. आणि त्यानं नोबेलच्या भाषणात ती चूक कोणाच्या हातून झाली ते नावानिशी सांगितलं. डेव्हिड डेव्हिडसन. मी ते नाव वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं, सुटताना वही लॅबमध्येच राहिली.

गोमेकॉच्या त्या वॉर्डात पहाटे चारला बाबांनी मला हाक मारली. रात्रभर ते जागेच होते बहुतेक. १८४२ साली पोर्तुगिजांनी पणजीत सुरू केलेली मेडिकल शाळा हीच, हे बाबांना पाठ आहे. पणजीच्या जुन्या इमारतीत, जिथे आता इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो, त्यांचे वडील गेले. त्यामुळे ह्या हॉस्पिटलात त्यांना झोप येत नाही, नवीन इमारत असली तरी.

"तो इंग्रज," बाबा म्हणाले, "त्याचं पाणी नळाचं भरलं ते कोणी?"

"त्याच्या लॅबमधल्या माणसानं."

"मग त्याचा पगार कापला की नाही?"

मी हसायला लागले. शेजारच्या कॉटवरची बाई कूस बदलून आमच्याकडे बघायला लागली. बाटलीत थेंब थेंब बोटभर आर.एल. उरलं होतं. मी सिस्टरला बोलवायला उठले तर ती आधीच दारात, हातात दुसरी बाटली घेऊन.